एक तास काम केलेली माणसे

मी एक जुने लिहायचे पॅड आहे, मित्रांनो. तुम्ही परीक्षेला नेता ना, तसेच. पण परीक्षेचा पेपर माझ्यावर कधी कुणी सोडवला नाही. लोक पोटापाण्यासाठी काय करतात, ते माझ्यावर लिहिले गेले.

लाकडाचा भुसा दाबून केलेला एक मोठा तक्ता होता. त्यातून माझ्यासारखी चोवीस पॅडे कापली. वर पत्र्याचा चाप ठोकला आणि पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातला. आमचा गठ्ठा पाहणी कार्यालयात गेला. तिथून मी एका बाईंच्या हाती आले. त्यांचे काम घरोघर जाऊन कुणाला काम आहे आणि कुणाला नाही हे विचारण्याचे. गल्लीतली मुले त्यांना मोजणीताई म्हणत. मीही तेच म्हणते.

तुम्हाला वाटेल, सगळ्यांनाच विचारत असतील. तसे नसते. एवढ्या माणसांना विचारायला जन्म पुरायचा नाही. म्हणून कार्यालय चिठ्ठ्या काढल्यासारखी थोडी घरे निवडते. एका निवडलेल्या घरामागे हजारभर घरे आहेत असे धरतात. त्या एका घराने जे सांगितले, ते हजार घरांनी सांगितले असा हिशेब. घराकडे तीन-तीन महिन्यांनी चार वेळा जायचे आणि दर वेळी तेच विचारायचे. ताई सांगत, "आपण एका घरात चुकलो, की हजार घरांत चुकलो."

त्या फार नेटाने काम करत. पावसात मला पदराखाली घेत आणि स्वतः भिजत. कुणी दार लावून घेतले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. कुणी म्हणे, "आधीच्यांनी विचारून काय दिवे लावले?" त्यावर त्या हसून म्हणत, "दिव्यांचं माहीत नाही काका, पण तुम्ही अंधारात आहात हे तरी लिहून नेते." एवढ्यावर बहुतेक दारे उघडत.

आता भट्टीकाकांची गोष्ट सांगते. मला आठवण आहे ती त्यांचीच.

शहराच्या कडेला काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. काका तिथे भट्टीवर होते. सव्वीस वर्षे जाळासमोर उभे राहून त्यांच्या भुवया पिंगट झाल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कारखाना बंद पडून दोन महिने झाले होते. घर दोन खोल्यांचे होते. काका खाटेवर बसले होते. काकी दारात उजेडाला बसून शर्टांना बटणे लावत होत्या. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

ताईंनी काकींना विचारले, "तुम्ही काही काम करता का?"

"छे हो, घरीच असते," काकी म्हणाल्या. सुई चालूच होती.

"मग हे शर्ट कुणाचे?"

"हे होय? दुकानवाला आणून टाकतो. दिवसाला तीस-चाळीस होतात. बसल्या बसल्या करते, त्याला काय काम म्हणायचं?"

"यालाच काम म्हणतात काकी," ताई म्हणाल्या, आणि तसे लिहिले. दुसऱ्या कुणी त्यांना 'घरीच असतात' म्हणून सोडून दिले असते. नीट विचारले तर आकडा किती खरा होतो, हे मी तेव्हा पाहिले.

मग काकांची पाळी आली. "गेल्या सात दिवसांत एक तास तरी काही काम केलंत?"

काकांनी आठवून पाहिले. "मंगळवारी पलीकडच्या घरी खिडकीची काच बसवून दिली. तास-दीड तास लागला असेल."

"पैसे मिळाले?"

"मिळाले थोडे."

नियम असा होता मित्रांनो, की सात दिवसांत एक तास मोबदल्याचे काम केले, की माणूस कामावर धरायचा. हा नियम ताईंनी केलेला नव्हता. सगळीकडे एकाच मापाने मोजता यावे म्हणून तो आहे, आणि त्यात लबाडी नाही. पण तासभर काच बसवणारा आणि महिनाभर भट्टी सांभाळणारा त्या एकाच चौकोनात बसतात. ताईंनी खूण केली.

काकांनी वाकून पाहिले. "म्हणजे मी कामावर आहे?"

"नोंदीपुरते."

"ऐकलंस का?" ते काकींना म्हणाले. "मला नोकरी लागली."

"मग उद्यापासून डबा देते," काकी म्हणाल्या. सगळे हसले. खाट करकरली.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. त्या आठवड्यात काकांना एक तासाचेही काम मिळाले नव्हते. ताईंनी पुढचा प्रश्न विचारला, "काम शोधलंत?"

"कुठे शोधू?" काका म्हणाले. "होती नव्हती ती सगळी दारं ठोठावून झाली. आता त्या बाजूला जायचीही लाज वाटते."

काम नाही आणि शोधतही नाही, असा माणूस बेकारांत मोजत नाहीत. तो दोन्हींच्या बाहेर, तिसऱ्या चौकोनात जातो. ताईंनी खूण केली तेव्हा त्यांचे पेन थोडे अडखळले. या खेपेला काकांनी वाकून पाहिले नाही.

तिसऱ्या खेपेला काकांनी दाढी केलेली होती. दुसऱ्या शहरात उंच इमारतींच्या काचा बसवायचे काम मिळेल असे कुणीतरी सांगितले होते. त्या आठवड्यातही त्यांनी शेजारी एक काच बसवली होती. "उंचावर कधी चढलो नाही," ते म्हणाले, "पण काच ती काचच." ताईंनी 'कामावर' लिहिले आणि पहिल्यांदाच समोरच्या माणसाला स्वतःहून काही म्हटले, "जपून चढा."

चौथ्या खेपेला घराला कुलूप होते.

नियमाप्रमाणे बंद घरी तीनदा जायचे, शेजारी विचारायचे आणि तरी भेट झाली नाही तर 'बंद घर' असे लिहायचे. पण त्या वेळी वरून आकडे पाठवायची तारीख पंधरा दिवस अलीकडे आली. ताईंच्या यादीत अशी अकरा घरे होती. साहेबांनी त्यांना बोलावले. साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्या मागेही कुणीतरी लागले होते.

"मागच्या खेपेचंच उतरवा," ते म्हणाले. "तीन महिन्यांत काय जग बदलतंय?"

"बंद घर लिहू का?"

"अकरा बंद घरं दाखवली तर मलाच विचारतील, तुमची माणसं काय करतात म्हणून. आणि ताई, तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. मला तुम्हाला ठेवायचं आहे."

दुपारचे दोन वाजले होते. वर पंखा फिरत होता. ताईंनी माझ्यावर एकेक कोरा फॉर्म लावला आणि जुन्या फॉर्मवरून उतरवून काढला. भट्टीकाकांचा सातवा होता. 'काच बसवली. एक तास. कामावर.' अकरा घरे पाऊण तासात झाली. एरवी एकेका घराला तेवढा वेळ लागायचा. माझ्यावर खोटे लिहिले जाण्याची ती पहिली वेळ होती. मी पॅड. मला चाप सोडता येत नव्हता.

आकडे जाहीर झाले. शहरात बेकारी कमी झाली होती. आकडा एका ठरावीक रेषेच्या खाली गेला, म्हणून कामगारांचे मदत केंद्र बंद करायचे ठरले. त्या केंद्रात शिवणयंत्रे होती आणि नवे काम शिकवत. कुठे जागा निघाली तर तेही सांगत. ताई दुसऱ्या घरी जाताना तिथे थांबल्या. फाटकावर सूचना लावली होती आणि ती वाचत काकी उभ्या होत्या.

"काकी, तुम्ही? मी आले होते हो घरी. कुलूप होतं."

"भावाकडे होते," काकी म्हणाल्या. "यंत्र शिकायला नाव घालावं म्हणून आले, तर हे बंद करताहेत म्हणे."

"काका गेले का त्या कामावर?"

काकींनी त्यांच्याकडे पाहिले. "तुम्हाला कळलं नाही होय? ते पडले. चौथ्या मजल्यावरून. आज सव्वा दोन महिने झाले."

ताईंनी मला छातीशी धरले होते. त्यांच्या बोटांनी मला गच्च आवळले. सव्वा दोन महिने म्हणजे ज्या आठवड्याचा फॉर्म त्यांनी भरला, त्याच्या तीन आठवडे आधी. गेलेल्या माणसाने त्या आठवड्यात एक तास काम केले होते. त्याच्यामागे हजारभर माणसेही कामावर लागली होती.

ताई त्याच दिवशी साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब सगळे ऐकून म्हणाले, "वाईट झालं. पण एका माणसानं आकडा हलत नाही."

"एक माणूस नाही साहेब. अकरा घरं. आणि एकेका घरामागे आपण किती धरतो?"

ताईंनी माझ्यावर कोरा कागद लावला आणि तिथेच पत्र लिहिले. त्यात 'भरायला लावले' असे लिहिले नाही. 'मी भरले' असे लिहिले. खाली सही केली.

पत्रावर शिक्का पडला, 'नोंद घेतली.' महिन्याअखेर ताईंचे कंत्राट संपले ते पुन्हा झाले नाही. पुढच्या तिमाहीच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली, की मागील पाहणीतील काही घरे वगळली आहेत. आकडा थोडा वर सरकला. तोवर केंद्रातली शिवणयंत्रे ट्रकमधून गेली होती. काकी काय करतात, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या घरी जाण्याच्या चारही खेपा संपल्या होत्या.

ताईंनी पिशवी, ओळखपत्र आणि मला कारकुनाकडे जमा केले. त्याने क्रमांक पाहून यादीत टिक केली. पुढे फॉर्म भरायला हातातली यंत्रे आली आणि आम्ही कोठीतल्या मांडणीवर चढलो. माझा चाप गंजला आहे. इथे कुणी फारसे येत नाही. तुम्ही सापडलात, म्हणून बोलले.

मित्रांनो, सगळे आकडे खोटे असतात असे मात्र समजू नका. ताईंसारख्या माणसांनी उन्हापावसात दारोदार जाऊन आणलेले आकडे मी पाहिले आहेत. ते फार मोलाचे असतात. फक्त आकडा दिसला, की विचारा, कुणाला विचारले, काय विचारले आणि कोण भेटलेच नाही? तुमच्या दारी कुणी असे विचारायला आले तर त्यांना बसायला द्या आणि खरे सांगा. आणि उद्या तुमच्या हातात तो फॉर्म आला आणि समोर कुलूप असले, तर फार काही करू नका. दोन शब्द लिहा, 'बंद घर'. त्या दोन शब्दांसाठी फॉर्मवर जागा ठेवलेली असते.