शेजारच्या घराचं कसं आहे?

जगात आमचा चिमुकला बेटांचा देश एकाच शर्यतीत दरवेळी वरचा नंबर काढतो. वादळ, दुष्काळ आणि चढता समुद्र यांनी कोणाचं किती वाटोळं होऊ शकतं, त्याची ती शर्यत. हा नंबर काढायला घरोघरी हिंडणाऱ्यांत मी एक. राजधानीतल्या, पोर्ट व्हिलाच्या कचेरीतून निघायचं, बोटीत ओकत बेटावर पोचायचं आणि दर काही वर्षांनी तेच ते प्रश्न विचारायचे. उत्तरं मागच्या उत्तरांशेजारी मांडली की देश सावरतोय की खचतोय ते कळतं, असं म्हणतात.

या खेपेला मी हट्टानं टोंगोआ बेट मागून घेतलं. तिथल्या आमच्या गावी माझी लेवियाआत्या एकटी राहते. मागच्या मोजणीपासून ज्या गावाची अवस्था सगळ्यात बिघडली असेल, त्याला वादळात आसऱ्यासाठी पक्की इमारत मिळणार होती, एकाच गावाला. आमच्या गावाची अवस्था मात्र कागदावर दरवेळी सुधारतच होती. आत्याचं छप्पर मी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे या सुधारणेची मला भीतीच वाटायची.

आत्यानं लापलाप केला होता, किसलेले कंद पानात गुंडाळून भाजलेला, वर कोंबडी. बाहेर पावसाची सर चालू होती. मी विचारलं, छप्पर गळतं का? ती नाही म्हणाली. तेवढ्यात माझ्या ताटात टपकन थेंब पडला. तिनं माझ्याकडे न बघता ताट वीतभर सरकवलं आणि अजून वाढू का विचारलं. वादळात घर टिकेल? टिकेल. साठवणीचं धान्य, कंद? भरपूर. पाहुण्यासमोर आपल्या घरात काही कमी आहे म्हणायचं नाही, हे आमच्याकडे पोरं दूध पिता पिता शिकतात. आणि हातात कचेरीचा कागद असला की सख्खी भाचीसुद्धा पाहुणीच. मागच्या सगळ्या मोजण्यांत गावानं हेच केलं असणार.

कागद पिशवीत कोंबून मी उगाच म्हटलं, "आणि काल्सौकाकाचं घर कसं आहे?"

काल्सौ म्हणजे तिचा शेजारी. कुंपणावरून दोघांचं जन्माचं वैर. आत्याचा चेहरा खुलला.

"त्याचं? अगं, नुसता रंग आहे तो. भिंतीत सिमेंट नावाला, बाकी सगळी समुद्राची वाळू. मोठा वारा आला तर तो आधी माझ्याच दारात येईल रडत."

मी तशीच काल्सौकडे गेले. त्याचं स्वतःचं घर अर्थातच भक्कम होतं. आत्याच्या घराचं विचारल्यावर तो पोट धरून हसला. "तुझ्या आत्याच्या घरात कोंबडी शिंकली तरी छप्पर हलतं, पोरी. मी तर माझी बकरी तिकडे बांधत नाही."

मग मी अख्खं गाव तसंच फिरले. प्रत्येक घराची खबर आधी मालकाला, मग शेजारच्या घरी विचारली आणि दोन्ही लिहून घेतल्या. स्वतःबद्दल सगळे खोटं बोलत होते, दुसऱ्याबद्दल एकजण नाही. कोणाच्या घरात कंद संपलेत, कोणाच्या विहिरीत खारं पाणी शिरलंय, चर्चच्या भिंतीला कुठे भेग आहे, सगळं बाहेर आलं. परतीच्या बोटीत मी पहिल्यांदाच ओकले नाही.

आमच्या कचेरीचे तारीसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं, दोनदा हसलेसुद्धा. मग म्हणाले, "लेमारा, खरं असेल हे. पण मागच्या वेळी घरमालकाला विचारलं होतं, तू शेजाऱ्याला विचारलंस. फूटपट्टीच बदललीस, तर पोरगं वाढलं की खुंटलं ते सांगणार कसं?"

मी म्हटलं, जुनी फूटपट्टीच खोटी होती. ते म्हणाले, असेल, पण सगळ्या देशाला तीच लावलीय. त्यांनी घरमालकांची उत्तरं तेवढी ठेवली. कागदावर गावाची अवस्था आणखी सुधारली. इमारत दुसऱ्या बेटावर गेली. मी रागानं आठवडाभर साहेबांशी बोलले नाही, पण तेवढ्यानं एक वीटही टोंगोआला पोचणार नव्हती.

मार्चमध्ये वादळ आलं. कचेरीतल्या नकाशावर तो पांढरा भोवरा सरळ टोंगोआवर चढला. सकाळपासून फोन लागत नव्हता. दुपारी वादळाचा डोळा बेटावर आला. आता तिथे थोडा वेळ वारा पडणार आणि मग उलट्या दिशेनं, पहिल्यापेक्षा जोरात येणार. मी वेड्यासारखी नंबर फिरवत होते. कसा कोण जाणे, लागला.

"जेवलीस का?" आत्यानं पहिलं हेच विचारलं.

मी घराचं विचारलं. चांगलं आहे म्हणाली. ते उत्तर मला तोंडपाठ होतं, त्याला काही किंमत नव्हती. म्हणून मी माझा हुकमी प्रश्न विचारला.

"आणि काल्सौकाकाचं?"

"त्याचं पण चांगलं आहे. चांगलं बांधलंय त्यानं."

आजवर तिनं त्या घराला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, काकाला फोन दे. तो तिच्या अगदी बाजूलाच होता, लगेच आवाज आला.

"काका, आत्याचं घर कसं आहे?"

"छान आहे," काल्सौ म्हणाला. "भक्कम घर आहे तिचं. तू काळजी करू नकोस, पोरी."

मग त्याच्यामागे कुठेतरी वारा परत सुरू झाला, आणि फोन तुटला.