इलेक्ट्रोडवरचा काळा ठिपका

पांडेसऱ्यातल्या त्या डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत पीएच मीटर एकच होतं आणि त्याच्या इलेक्ट्रोडला नूतन भदाणे सहसा कुणाला हात लावू देत नसे. बोटभर जाडीची काचेची कांडी ती. खाली पातळ काचेचा फुगा, बाजूला मोहरीएवढा पांढरा ठिपका. ती रंगाच्या द्रावणात बुडवली की आंबटपणा किती ते मीटरवर उमटायचं. पॉलिस्टरचा रंग नीट बसायला तो आकडा पाचच्या आसपास लागतो. आकडा चुकला की साड्यांचा अख्खा लॉट वेगळ्याच रंगाचा होऊन बाहेर पडतो.

तसाच एक लॉट श्रावणात बाहेर पडला. नेव्ही ब्लूच्या जागी राखट निळा. मॅनेजर किरीटभाई ते कापड हातात घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले.

"नूतनबेन, आ शुं छे?"

नूतनने वही दाखवली. आकडा चार पूर्णांक आठ, म्हणजे बरोबर. पण त्याच द्रावणाची राखून ठेवलेली बाटली तिने पुन्हा मोजली तेव्हा आधी मीटर ताज्या बफरला, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणाला, लावून घेतलं, आणि आकडा सहाच्या वर गेला. म्हणजे मीटर खोटं बोलत होतं. सकाळी बफरला लावलं की सुतासारखं सरळ, दुपारपर्यंत हळूहळू खाली सरकलेलं.

तिने इलेक्ट्रोड धुतला, सौम्य ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवला, आतलं पोटॅशियम क्लोराइडचं पाणी बदललं, त्याच पाण्याने भरलेली टोपी घालून रात्रभर ठेवला. एक दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"नवीन मागवा ना," धर्मेंद्र म्हणाला. "हा गेलाय आता."

धर्मेंद्र मूळचा शिरपूरकडचा, एमएस्सी झालेला, चार महिन्यांपूर्वी पहिल्या पाळीचा केमिस्ट म्हणून लागलेला. मुलगा हुशार, पण आतल्या गाठीचा. फोन आला की व्हरांड्यात जाऊन गुजरातीत हळू आवाजात बोलायचा. नवीन मागवा हे तो आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा नूतनला आठवलं, की त्याच्या मावसभावाचं प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान आहे. सहा महिन्यांपूर्वी घेतलेला इलेक्ट्रोड इतक्यात कसा जाईल? इथे तर एकेक दोन-दोन वर्षं चालला होता. तो आपोआप गेला नाही, कुणीतरी घालवतंय, हे तिच्या डोक्यात त्या दिवशी शिरलं आणि मग निघेना.

संध्याकाळी घरी निघताना तिने टोपीवर आणि कांडीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. दोन्ही रेघा एकासमोर एक. सकाळी पाहिलं तर टोपीवरची रेघ पाव वळसा पुढे होती.

टोपी बाकी नीट बसवलेली होती. आतलं पाणी हवं तितकंच, काचेवर बोटाचा ठसा नाही. ज्याने काढला त्याला इलेक्ट्रोड कसा धरायचा, कसा ठेवायचा हे चांगलं ठाऊक होतं. शिकलेला माणूस. नूतनच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला.

तिने वाल्मिकआप्पांना विचारलं. वाल्मिकआप्पा बावीस वर्षांपासून प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिच्याच माहेरच्या बाजूचे, अमळनेरकडचे. ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळालेली. इलेक्ट्रोड पुसायचा नसतो, कागदाने फक्त टिपायचा असतो, हे तिला कॉलेजने नाही, आप्पांनी शिकवलं होतं.

"आप्पा, सकाळी मी यायच्या आधी इथे कोण असतं?"

"मी उघडतो साडेसहाला," आप्पा चंचुपात्र विसळत म्हणाले. "सातला धर्मेंद्र येतो."

"तो मीटरला हात लावतो का?"

आप्पांनी नळ मोठा केला. "माझं लक्ष नसतं बेटा."

त्यांना चुगली करायची नाही, असं तिने धरलं. उलट तिचा संशय पक्का झाला. आठवडाभर ती धर्मेंद्रच्या हातांकडे बघत राहिली. तो बफरच्या बाटल्यांपाशी उभा राहिला की ती उठून जवळ जायची. त्यालाही ते कळलं असावं. तो बोलायचा बंद झाला, डबाही खाली कॅन्टीनला जाऊन खाऊ लागला. त्याचाही तिने हवा तोच अर्थ लावला.

मग तिला तो ठिपका दिसला. कांडीच्या बाजूचा पांढरा ठिपका, ज्यातून आतलं पाणी झिरपून बाहेरच्या द्रावणाला भिडतं, तो काळा पडला होता. भिंगाखाली धरला तर काजळी बसल्यासारखा. असा काळेपणा एकाच गोष्टीने येतो. सडक्या अंड्याचा वास मारणाऱ्या पाण्यात सल्फाइड असतं, ते आतल्या चांदीला भिडलं की चांदी काळी पडते. मग आकडा खाली खाली जातो, पाणी असेल त्याहून आंबट दिसतं. आणि मिलच्या रंगाच्या कामात तर सल्फाइड कुठेच नव्हतं.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम बाहेरचं काहीतरी आणून यात बुडवत होतं.

ती तशीच किरीटभाईंच्या केबिनमध्ये गेली. धर्मेंद्रचं नाव तिने स्पष्ट घेतलं. मावसभावाचं दुकान सांगितलं, पेन्सिलीची रेघ सांगितली. किरीटभाईंनी धर्मेंद्रला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"मी हात लावला नाही," एवढंच म्हणाला. मग नूतनकडे बघून मराठीत म्हणाला, "तुम्ही मला एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं, ताई."

दुसऱ्या दिवसापासून त्याला मिलच्या मागच्या सांडपाण्याच्या प्लांटवर पाठवलं. तिथे उभ्याने नमुने भरायचे आणि दिवसभर त्या वासात राहायचं. नूतनने थायोयुरियाच्या द्रावणात इलेक्ट्रोड ठेवून काळेपणा घालवला, पुन्हा भरला, बफरला लावला. स्लोप, म्हणजे इलेक्ट्रोड किती नीट चालतोय त्याचं माप, सत्त्याण्णव टक्के आला. तिला हायसं वाटलं.

पाच दिवसांनी ठिपक्याच्या कडेला पुन्हा काळी रेघ दिसू लागली.

नूतन खुर्चीत बसून राहिली. सांडपाण्याच्या प्लांटवरच्या माणसाला प्रयोगशाळेची किल्ली मिळत नाही, हे तिनेच पाहून घेतलं होतं. गोडादऱ्याला घरी गेल्यावरही ती तेच घोळवत बसली. नवऱ्याने, अक्षयने, काय झालं म्हणून विचारलं, तर तिला नीट सांगताही येईना. धर्मेंद्र नसेल तर कोण, हे उत्तर तिला आलं होतं. तोंडातून काढवत नव्हतं.

सकाळी ती पावणेसातला मिलमध्ये पोचली. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. आत वाल्मिकआप्पा मीटरसमोर स्टुलावर बसले होते. समोर बिसलेरीची जुनी बाटली आणि बीकरमध्ये गढूळसर पाणी. त्यात इलेक्ट्रोड. आप्पा चष्मा कपाळावर सारून आकड्याकडे टक लावून होते आणि हातातल्या चतकोर कागदावर काही लिहीत होते. खोलीत सडक्या अंड्याचा वास होता.

"आप्पा."

ते दचकले नाहीत. हळूच इलेक्ट्रोड वर काढला, धुतला, कागदाने टिपला, टोपी घातली. मग म्हणाले, "बस बेटा."

"किती दिवस?"

"सव्वा महिना झाला असेल."

"आणि धर्मेंद्रला तिकडे पाठवलं तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात."

"होतो." त्यांनी चष्मा काढला आणि आपल्या खान्देशी बोलीवर आले. "रोज इचार करू का आज सांगसू. रोज र्‍हाई जाये."

मग त्यांनी सांगितलं. नवागाममध्ये त्यांच्या सोसायटीची बोअर आहे. पावसाळा लागल्यापासून तिच्या पाण्याला वास येतो. त्यांची नात हर्षदा दोनदा सलाइनवर होती, शेजारच्या तीन घरांत हगवण. सगळ्या गल्लीचं म्हणणं एकच, मिलवाल्यांनी ॲसिड सोडलं. या मिलच्या सांडपाण्याची जमिनीखालची लाइन सोसायटीच्या मागूनच जात होती. आप्पांनी आधी पीएचचा कागद लावून पाहिला. तो हिरवा आला, म्हणजे पाणी साधं. कागद जुना झाला असेल, म्हणून त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मीटरवर लावलं तर आकडा साडेपाच, कधी पाच. त्यांनी तारखेवार लिहून ठेवलं. मीटर खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं.

"मला का नाही सांगितलंत?"

आप्पांनी हातातला कागद दुमडला. "बाहेर जानारा पानीना रिपोर्टवर तुन्ही सही ऱ्हास बेटा. तू किरीटभाईसंगे बसस. माले भरोसा नही व्हता."

नूतनला ते लागलं. आप्पांना सोडून ती दुसऱ्यावर संशय घेत होती आणि आप्पा तिच्यावर घेत होते.

तिने इलेक्ट्रोड घेतला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. ठिपका साफ होईपर्यंत थायोयुरिया, मग आतलं पाणी नवं, मग तासभर टोपीत. आप्पा शेजारी उभे राहून बघत होते. साडेआठला तिने सातचा बफर लावला, मग चारचा. मग आप्पांचं पाणी.

सात पूर्णांक तीन.

"पुन्हा लाव," आप्पा म्हणाले.

पुन्हा सात पूर्णांक तीन. तिसऱ्यांदा सात पूर्णांक दोन.

"यात ॲसिड नाही, आप्पा. तुमचा कागद खरं बोलत होता. तुम्ही रोज हे पाणी यात बुडवत होतात, त्याने इलेक्ट्रोड खराब झाला आणि खराब इलेक्ट्रोड तुम्हाला ॲसिड दाखवत राहिला."

"मंग वास?"

"त्यानेच तर ठिपका काळा पडला. सडलेलं पाणी आहे. संडासाचं." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "ही बोअर कुठे आहे, तिच्या आजूबाजूला काय आहे?"

आप्पा उत्तर देता देता थांबले. सोसायटीची सेप्टिक टाकी बोअरपासून दहा पावलांवर होती. मागच्या उन्हाळ्यात तिच्यावरच पार्किंगची फरशी घातली होती. फरशी घालण्याचा ठराव मांडणारे आप्पाच होते.

रविवारी फरशी उचलली. नूतन तिथे गेली होती. टाकीची एक भिंत खालून चिरलेली होती आणि माती ओल्या डांबरासारखी काळी. सोसायटीतला गणपत नावाचा एक माणूस मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की मिलवाल्यांनीच या बाईला पाठवलंय, दोष टाकीवर ढकलायला. काहींनी माना डोलावल्या. त्यांना पटवून देण्याच्या फंदात नूतन पडली नाही. आप्पा मात्र खड्ड्याच्या काठावर उभे राहून एकेकाला बोटाने चीर दाखवत होते. त्यांच्या पत्नी सरलाबाई दारात नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नूतनला चहा विचारला, मग स्वतःच म्हणाल्या, "बाटलीच्या पाण्याचा करते."

सोमवारी आप्पा स्वतः किरीटभाईंसमोर गेले, नूतनही सोबत. मिलचाच संशय होता म्हणून चोरून मोजत होतो, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. किरीटभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुढच्या वेळी बाटली घेऊन सरळ माझ्याकडे या. आप्पांची नोकरी राहिली, सकाळची किल्ली मात्र गेली.

नूतनने धर्मेंद्रला परत बोलावून घेण्याविषयी तिथेच सांगितलं. शिपायाला न पाठवता ती स्वतः मागच्या प्लांटवर गेली. तो टाकीच्या कठड्यावर उभा राहून नमुना भरत होता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "कुठलाही पुरावा नसताना मी तुझं नाव घेतलं."

त्याने बाटलीला बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. "सगळ्या मिलला माहीत झालं, ताई. माझ्या मामाच्या कानावरही गेलं."

"मी त्यांना भेटून सांगीन."

"नको." तो खाली उतरला. "तुम्ही सांगितलं तरी ते म्हणतील, काहीतरी असेलच."

तो दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत परत आला. काम चोख करायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने एक नवी वही आणली. पाळी संपताना इलेक्ट्रोड भिंगाखाली धरून तो ठिपका पांढरा असल्याचं लिहायचा, वेळ नोंदवायचा आणि वही नूतनसमोर सरकवायचा. ती सही करेपर्यंत तिथेच उभा राहायचा, आणि सही झाल्यावर ती पुन्हा एकदा वाचून बघायचा.