पुसून टाकणारं मशीन

वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा गावच्या जंगलाचा नकाशा त्यात नव्हता. मयुरीने एकेक फोल्डर उघडून पाहिला. जिवतीच्या डोंगरातल्या त्या गावात सेवा केंद्र तीच चालवायची. जंगलाची हद्द तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या गुणाबाईच्या मागेमागे काट्याकुट्यांतून फिरून तिने ती मोबाइलवर टिपली होती. शुक्रवारी तालुक्याला नकाशा दाखवला नाही, तर वनहक्काचा दावा लटकणार होता.

चूक तिचीच. मोबाइल भरला म्हणून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, मोबाइल रिकामा केला. पण केंद्रात लोकांचे जे कागद येतील ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकायची तिच्या हाताला सवय. नकाशाही तिथेच गेला. आणि कॉम्प्युटर सुरू होताना तो फोल्डर झाडून साफ होतो. हा नियमही तिनेच लावलेला!

वरोऱ्याहून दुरुस्तीला आलेल्या नागसेनने बराच खटाटोप केला. हाती काही लागलं नाही. मग तो म्हणाला, "एक सेटिंग बदलवतो. फाइली राह्यतीन जागच्या जागी. पुसतेस काऊन?"

मयुरीला क्षणभर मोह झाला. पण आधीच्या ऑपरेटरने लोकांचे कागद असेच कॉम्प्युटरवर पडू दिले होते. त्यातून गुणाबाईचं आधार कोणीतरी उचललं, तिच्या नावावर सिम काढलं, आणि पोलीस म्हातारीच्या दारात उभे राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस ती केंद्राची पायरी चढली नव्हती.

"नाई, दादा. राहू दे तसंच," मयुरी म्हणाली.

गुणाबाई आली तेव्हा मयुरीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. नकाशा गेला, आपल्या हाताने गेला, आणि कॉम्प्युटर यापुढेही असाच पुसत राहणार, हेही सांगितलं.

म्हातारी बाकावर बसून ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं, "माह्या आधारचा कागदबी त्यात नाई राह्यला ना?"

"नाई, बाई. कोणाचाच नाई राहत."

"मंग त्याले पुसू दे. डोंगर कुठी पळून नाई चालला."

एवढं बोलून ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मयुरीची वाट न बघता डोंगराकडे चालू लागली. मयुरीने मोबाइल उचलला, केंद्राला कुलूप घातलं आणि तिला गाठायला धावत सुटली.