मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. हा दुसरा अडीअडचणीपुरता. आमचे मास्तर मात्र हल्ली तो ऊठसूट दाबत. रस्ता मोकळा, समोर चिटपाखरू नाही, आणि गाडी धाडकन उभी! मागचे हॉर्न वाजवून कानठळ्या बसवताहेत, शिकणारा घामाघूम झालाय, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणताहेत, "जरा जपून चालवा."

हे सुरू झालं शाळेजवळच्या वळणावर. एक पोरगी चेंडूमागे धावत थेट गाडीसमोर आली. मास्तरांनी ब्रेक दाबला, गाडी वीतभर अलीकडे थांबली. पोरीने चेंडू उचलला आणि पळालीसुद्धा. कुणाला साधं खरचटलं नाही. जो तो म्हणाला, वा मास्तर! पण त्या दिवसापासून मास्तरांचा पाय त्यांचंच ऐकेनासा झाला. झोपेतही ते ब्रेक मारत, आणि तो बसे बायकोच्या पोटरीवर.

"गुडघा धरलाय," मास्तर सगळ्यांना सांगत. झालं! घरादाराने गुडघा हातात घेतला. तेल चोळून झालं, शेकून झालं, पट्टा बांधून झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून, ठोकून बघितला आणि विचारलं, "हे नेमकं कधीपासून?" मास्तरांनी वळणाची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्यांचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबायला लागला. डॉक्टर म्हणाले, "गुडघा उत्तम आहे. तुम्ही मनाच्या डॉक्टरांना दाखवा." आणि एका बाईंचा पत्ता दिला.

मास्तर घरी येऊन बायकोवरच उखडले. "मला काय वेड लागलंय? अगं, हे बाहेर कळलं तर कोण पाठवेल आपली पोरं माझ्या गाडीत? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ झाका हो खुशाल," बायको म्हणाली, "पायाचं काय करणार? पोटरी काळीनिळी झालीये माझी. तुम्ही धड जेवत नाही, हसत नाही. तुमची काळजी करून करून मलाच आता भीती वाटायला लागलीये."

तिचा आवाज चढला असता तर मास्तरांनी वाद घातला असता. तो चढला नाही, म्हणून ते गुमान गेले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना वेडा ठरवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी थांबली नसती तर? हा विचार किती वेळा येतो?" आणि भर चौकात पोलिसांशी हुज्जत घालणारे आमचे मास्तर ढसाढसा रडले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुमचं मन अजून त्या वळणावरच उभं आहे. त्याला हळूहळू पुढे आणू. वेळ लागेल, पण माणसं यातून बरी होतात." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि वर बायकोची थट्टाही केली.

पण मूठ झाकलेलीच! शिकणाऱ्यांसाठी अजून गुडघाच दुखत होता.

त्या शिकणाऱ्यांत होत्या एक नर्सबाई. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करायच्या. लायसन्स मिळालं की लांबची घरं मिळणार होती आणि नोकरी पक्की होणार होती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास झाल्या. परीक्षेत आरटीओचे साहेब मागे बसतात आणि मास्तर शेजारी. मास्तरांनी आपला ब्रेक दाबला की शिकणारा नापास, असा नियमच होता. दोन्ही वेळा दाबला होता मास्तरांनी.

एके दिवशी नर्सबाई आल्या त्या गाडीत बसल्याच नाहीत. "नाही जमायचं मास्तर मला. नोकरीला आजच नाही म्हणून कळवते. तुम्हाला समोरचं दिसतं, मला दिसतच नाही. उद्या कुणाचा जीव गेला म्हणजे?"

स्थिर हाताची, पक्क्या नजरेची ही बाई, आणि तिच्या डोक्यात हे भूत घातलं कुणी? स्वतःची भीती झाकायला मास्तरांनीच ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधली होती. 'बघा बुवा विचार करून' म्हणावं आणि सुटावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"सिस्टर, समोर काही नव्हतंच. तुमचं काही चुकलं नाही. माझा पाय आपोआप पडतो. गुडघा ठणठणीत आहे माझा. मला भीती बसलीये. मी मनाच्या डॉक्टरांकडे जातो, दर गुरुवारी."

"काही नव्हतं? दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"अहो मास्तर! मी डोळे तपासून आले! चांगला चष्मा बदलला! आणि तुम्ही वर मलाच म्हणता, जपून चालवा?" नर्सबाई अशा कडाडल्या की मास्तरांनी मान खाली घातली. मग नर्सबाईंच्या एकदम लक्षात आलं. "म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या. "मी नव्हतेच!" आणि हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर त्यांच्यातली नर्स जागी झाली. "गोळ्या दिल्यात? वेळेवर घेता ना? आज गुरुवारच आहे की. बसा, मी नेते."

दवाखाना जवळ आला तसे मास्तर चुळबुळायला लागले. "दोन गल्ल्या अलीकडेच थांबवा. गाडीच्या छतावर आपली एवढी मोठी पाटी आहे, सगळ्यांना कळेल."

"कळू दे," म्हणत नर्सबाईंनी गाडी थेट दवाखान्याच्या दाराशी नेली.

जागा होती टीचभर. गाडी पुढे गेली, मागे आली, तिरकी झाली, पुन्हा पुढे गेली. मागे ही रांग लागली! मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात दवाखान्यासमोरच्या फळवाल्याने काचेवर टकटक केलं. "मास्तर, डॉक्टरीणबाईंकडे ना? जा तुम्ही, वेळ चुकवू नका. मी घेतो यांच्याकडून गाडी लावून."

बस्स, एवढंच! चार लोकांनी बघितलं आणि चारही जण आपापल्या वाटेने गेले. इतके दिवस मास्तर ज्यांना भ्याले, ते चार लोक हेच! मास्तरांना एवढं हलकं वाटलं की ते गाडीतून उतरता उतरता हसले.

"मास्तर," नर्सबाईंनी हाक मारली, "आज एकदाही पाय पडला नाही तुमचा."

"उचलला होता," मास्तर म्हणाले. "दोनदा. त्या सायकलवाल्यापाशी आणि चौकात. पण दोन्ही वेळा तुमचा पाय माझ्याआधी ब्रेकवर होता."

नर्सबाईंनी स्टिअरिंग सरळ केलं. मागचे हॉर्न वाजवतच होते.

"नोकरीला 'नाही' म्हणून कळवायचं राहिलंय अजून," त्या म्हणाल्या. "आता नाहीच कळवत."