दोन खाचा

थॉमसिन वॅगस्टाफ सकाळपासून कुंपणाशी उभी होती. खाणवाल्यांचे चोवीस पंच चर्चच्या शेतात उतरले होते, आणि तिची शिशाची खाण तिची राहणार की पाद्रीबाबांच्या घशात जाणार, हे दुपारच्या जेवणाआधी ठरायचं होतं.

डर्बीशायरच्या या डोंगरात शिसं कुणाच्याही जमिनीत खणावं, अगदी चर्चच्याही. दफनभूमी आणि फळबाग तेवढी सोडायची. खड्ड्यावर माल वर ओढायचा लाकडी रहाट उभा असला की खाण तुमची. काम थांबलं, तर खाणींचा न्याय करणारा बारमास्टर दर आठवड्याला येऊन रहाटाच्या खांबावर चाकूने एक खाच पाडणार. तिसरी खाच पडली की खाण गेली.

फेब्रुवारीत थॉमसिनचा नवरा तापाने गेला. दोन आठवडे तिने कुदळीला हात लावला नाही आणि दोन खाचा पडल्या. त्या बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कंबर कसून ती शेतात गेली, तर रहाट गायब, खड्डा बुजवलेला आणि वर सफरचंदाची रोपं ओळीने उभी!

"रहाट हिनेच नेला असणार," पाद्री टनिक्लिफ पंचांना सांगत होते. "खाण सोडली, म्हणून मी बाग लावली. आता बागेत खणायचं नाही, ही रीत तुमचीच आहे बाबांनो!"

"मी नेला? कशाला, चुलीत घालायला?" थॉमसिन कडाडली.

"तोंड सांभाळ, बाई."

बारमास्टर बॅगशॉ म्हातारा आणि सरळ माणूस, पण रीत म्हणजे रीत. "पोरी, तिसऱ्या खेपेला मी आलो तेव्हा खाच पाडायला लाकूडच नव्हतं. रहाट नाही तर खाण नाही. कुठंय तो?"

ती काय दाखवणार, कपाळ? संतापाने तिने समोरचं रोप उपटायला हात घातला आणि बोटं त्याच्या आधाराच्या खुंटावर पडली. खुंट जुन्या ओकचा होता. आणि त्यावर खाचा होत्या!

"बॅगशॉकाका! इकडे या! लवकर या!"

टनिक्लिफांच्या घरी मेणबत्तीचं बुडखंसुद्धा टाकत नसत. रहाटाचं तासलेलं ओकचं लाकूड कसं टाकतील!

बॅगशॉने गुडघे टेकले आणि चाकूचं पातं खाचेत घालून पाहिलं. चपखल बसलं. "माझाच हात. एक... दोन." त्याने खुंटावरून पुन्हा बोट फिरवलं. "तिसरी नाही."

"वा पाद्रीबाबा, बाग म्हणून रहाटच पेरलात की!" एक पंच ओरडला, आणि तेवीस जण खो खो हसले.

"माळ्याने केलं असेल... मला काय ठाऊक?" पाद्रीबाबा लालबुंद झाले.

पण बॅगशॉ हसला नाही. चाकू उघडाच होता. "रहाट सापडला, म्हणजे राहिलेली तिसरी खाच आत्ता पाडावी लागेल. काम कुठे चालू आहे?"

हसू थांबलं. तोवर थॉमसिनने शाल भिरकावली होती. कुंपणाला टेकलेलं माळ्याचंच फावडं तिने उचललं, रोप मुळासकट उपटलं आणि पाद्रीबाबांच्या हातात दिलं.

"हे धरा. तुमच्याकडे काही वाया जात नाही म्हणे."

फावडं मातीत घुसलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बॅगशॉने चाकू मिटून खिशात टाकला.