दोन शहरं दाखवणारी मिनीबस

मित्रांनो, पेठच्या माळावर विटांवर टेकवून ठेवलेली जुनी मिनीबस म्हणजे मी. माझी चाकं कधीच काढून नेली.

बारा वर्षं मी अवसरी खुर्दच्या कॉलेजातली मुलं नेली-आणली. मुलं माझ्या सीटांवर नावं कोरत. माझा ड्रायव्हर उमर रोज सकाळी माझी काच ओल्या फडक्यानं पुसायचा.

मग एका बिल्डरनं मला भाड्यानं घेतलं. त्याला या माळावर उंच ऑफिसांचं शहर उभारायचं होतं. लोकांनी जमिनी द्याव्यात म्हणून त्यानं गावकऱ्यांना माझ्यातून एक दिवस मुंबईचं काचेच्या इमारतींचं बीकेसी दाखवलं, दुसऱ्या दिवशी पुण्याजवळचं हिंजवडी.

हिंजवडीत शिरताच गावकऱ्यांत वाद रंगला.

"काचा मुंबईच्याच भारी," भरत म्हणाला.

"पण पुण्याला जागा किती मोकळी, राव!" भगवंत म्हणाला. "आन् आपलं तर दोघांच्या वर जाणार!"

भगवंतची थोरली भावजय प्रयागबाई गुडघे दुखतात म्हणून हिंजवडीत माझ्यातच बसून राहिली. गाडी पुढं घ्या म्हणून सांगायला पिकल्या मिशांचा वॉचमन आला.

"कुठलं गाव, दादा?" तिनं विचारलं.

"हितलंच, ताई. ही बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा ऊस व्हता."

"मंग वरनं समदं शिवार दिसत आसंल."

"मी वर कधी गेलोच न्हाई. आत जायला कार्ड लागतं."

परतताना तिनं हे सगळ्यांना सांगितलं. भगवंत हसला. "वयनी, तुमी भलतंच मनावर घेता."

महिन्याभरात सगळ्यांनी जमिनीच्या कागदांवर सह्या केल्या. प्रयागबाईनं केली नाही.

तिच्या रानाभोवती तीन बाजूंनी पत्रे उभे राहिले. सुरुंगांचे हादरे बसू लागले आणि तिच्या विहिरीचं पाणी आठवड्यात तळाला गेलं. माझ्या मालकानं मला बिल्डरलाच विकलं. उमर जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. आता माझ्यात सिमेंटच्या गोण्या रचतात.

काल भगवंत पत्र्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "वयनी, काय बी झालं तरी सही करू नका."

"का रं?"

"माझ्याच रानात जायला आता मला कार्ड मागत्यात."

आज सकाळी मोजणीवाल्यांनी सही नसतानाही तिच्या बांधावर चुन्याची रेघ ओढली. प्रयागबाई त्या रेघेवर जाऊन बसली आहे. भगवंतही तिच्याशेजारी बसला आहे. माळावरून खोदाईचा पोकलेन त्यांच्याकडं खाली येतो आहे.

मित्रांनो, हायवेवरून तुम्हाला ती दोघं दिसली, तर लांबून बघत उभे राहू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा.