परत आलेलं वाण

रचनाला कुणी विचारलं असतं, बाई, तुझ्यात खोट कुठली, तर ती म्हणाली असती, काहीच नाही. तिच्या नवऱ्याला, सहदेवला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, चारचौघींत उठून दिसायची हौस. नवरे अधूनमधून खरं बोलतात.

वर्तकनगरच्या त्यांच्या कॉलनीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. घरोघरी माळ्यावर वाणाच्या गाळण्या, डबे, वाट्या साचलेल्या. शेजारच्या योगिनीने तर लागोपाठ तीन वर्षं साबणदाण्या लुटल्या होत्या. एका घरात साबण असून असून किती असणार? म्हणून यंदा रचनाने ठरवलं, आपण पुस्तक द्यायचं. लहानसं, देवाधर्माचं. बायका म्हणतील, रचनाचं बाई काहीतरी वेगळंच असतं.

बचत गटांच्या प्रदर्शनात, पापड-लोणच्यांच्या रांगेत अगदी टोकाला करुणाबाईंचं टेबल होतं. करुणाबाई मूळच्या नगरकडच्या, आता कोपरीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. टेबलावर पातळ पुस्तकांचा ढीग. ‘देव रागावतो का?’ असं नाव आणि खाली पणतीचं चित्र. भाषा सोपी, अक्षर मोठं. रचनाने दोन ओळी वाचल्या आणि सगळा ढीग बांधायला सांगितला.

करुणाबाई सुतळी हातात धरून थांबल्या. "ताई, ही आमची ख्रिस्ती पुस्तकं आहेत हं. तुम्हाला कशाला हवीत?"

"हळदीकुंकवाला. देवाचीच आहेत ना? मग चालतील की."

"तसं नाही, एकदा घरी विचारून घ्या. उगाच तुम्हाला बोल नको."

"अहो, बांधा हो. रिक्षा उभी आहे माझी."

रचनाला त्या घडीला बायकांचे कौतुकाचे चेहरे दिसत होते, दुसरं काही दिसत नव्हतं. देव म्हटलं की झालं, एवढाच तिचा विचार. तो वाईट होता असं मला अजूनही वाटत नाही. फक्त तो आपण कुठल्या कॉलनीत घेऊन चाललोय हे तिने पाहायला हवं होतं.

हळदीकुंकू झोकात झालं. रचनाने प्रत्येक पुस्तकाला हळदीकुंकवाचं बोट लावून ते कागदी पिशवीतून हातात दिलं. "अगंबाई, पुस्तक!" असं सगळ्याच म्हणाल्या. उघडून एकीनेही पाहिलं नाही. वाण कोण उघडून बघतं?

कुणीतरी पाहिलंच असणार. कारण त्याच आठवड्यात एके दुपारी रचनाने दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला एक कागदी पिशवी अडकवलेली. आत पुस्तक.

दिलेलं वाण परत करायची रीत नाही. डबा फुटका निघाला तर बाई तो कामवालीला देईल, पण दिलेल्या घरी परत नेणार नाही. सुवासिनींची देवघेव असते ती, परत केली की दोन्ही घरांना अपशकुन. संध्याकाळपर्यंत आणखी दोन पिशव्या आल्या. बेल कुणी वाजवत नव्हतं. नुसती कागदाची खसखस ऐकू यायची आणि दार उघडावं तर जिना रिकामा. दुसऱ्या दिवशी पिशव्यांचा ढीग झाला. त्यांतल्या काही पुस्तकांवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसून काढलेलं होतं. महिला मंडळाच्या ग्रुपवर एरवी सकाळपासून फुलं आणि सुविचार यायचे. तिथे आता शुकशुकाट. खाली भाजीच्या गाडीजवळ रचना गेली की बोलणं थांबायचं आणि सगळ्याजणी कोथिंबीर निरखायला लागायच्या.

मग तिने ते पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात कुणाच्या देवाला नावं ठेवलेली नव्हती. धाक नव्हता, आमिष नव्हतं. येशूच्या गोष्टी होत्या आणि शेजारणीने ओट्याशी उभं राहून सांगाव्यात अशा साध्या चार गोष्टी. एका पानावर लिहिलं होतं, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, तरी तो माणसाला विचारतो. पकडण्यासाठी नाही. माणसाने स्वतःच्या तोंडाने खरं सांगावं आणि मोकळं व्हावं म्हणून. रचनाला ते फार आवडलं. आवडलं म्हणूनच ती घाबरली आणि तिने पुस्तक उशीखाली सारलं.

त्याच संध्याकाळी हितेश आला. काळुरामशेठचा मुलगा. कॉलनी उभी आहे ती सगळी जमीन कधीकाळी त्यांच्या भातशेतीची. आता गेटजवळ हितेशचं ऑफिस होतं आणि ऑफिससमोर दिवसभर बाइकवर बसून राहणारी पोरं. त्याने चपला बाहेर काढल्या, देवघरापुढे वाकला, पाणी मागून प्यायला. इतका सभ्य माणूस घरात आला की भीती वाटते, हे रचनाला त्या दिवशी कळलं. त्याच्यामागून योगिनी आली आणि सोफ्याच्या कडेला टेकली.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ," हितेश म्हणाला. "तुमच्यावर कोण काय बोलत नाय. फक्त सांगा, पुस्तकं कोणी दिली?"

"प्रदर्शनातून घेतली."

"कोणाकडून?"

हितेशने ढिगातलं एक पुस्तक उचललं, मागचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. तिथे करुणाबाईंच्या नावाचा आणि कोपरीच्या पत्त्याचा शिक्का होता.

"नाव आहे आमच्याकडे. पोरं जाऊन बाईला भेटून पण आलीयेत. पण तुमच्या तोंडून पायजे. फसवून गळ्यात मारली म्हणा, बस. एक मिनिटाचा विषय आहे."

"बोलून टाक गं," योगिनी म्हणाली. "ऋतुराजच्या घरून दोनदा फोन आलेला मला. मी काय सांगू त्यांना?"

ऋतुराज योगिनीचा भाचा. रचनाच्या संचिताचं त्याच्याशी जमलं होतं, साखरपुड्याचा हॉल बघून झाला होता. रचनाने सहदेवकडे पाहिलं. तो पंख्याच्या बटणांकडे पाहत होता.

हितेशने मोबाइल समोर धरला. रचना म्हणाली, "मला वाटलं, आपलीच पुस्तकं आहेत. त्या बाईने काही सांगितलं नाही. फसवलं मला."

हितेशने क्लिप लावून पाहिली आणि मान हलवली. "आवाज बारीक येतोय, वहिनी. परत एकदा."

तेव्हा ती दुसऱ्यांदा खोटं बोलली. दुसऱ्यांदा चांगलं जमलं.

आणि सगळं कसं सुरळीत झालं! क्लिप सगळीकडे फिरली आणि ग्रुपवर तिच्या नावाने हात जोडलेले, फुलं, दिवे. योगिनीने नारळाच्या वड्या आणून दिल्या. पिशव्या यायच्या थांबल्या. आलेला ढीग पलंगाखाली चादरीने झाकून ठेवला होता, त्या पलंगावर मात्र रचनाचा डोळा लागत नव्हता. कोपरीत त्या बाईच्या खोलीबाहेर राडा झाला, असं सहदेव बाहेरून ऐकून आला. पुढे काय झालं, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "आपल्याला काय करायचंय?"

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास रचना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली गेटमधून एक बाई आत आली. हातात रिकामी कापडी पिशवी, चाल सावकाश. करुणाबाईच त्या. वॉचमनला त्यांनी काहीतरी विचारलं, त्याने रचनाच्या बिल्डिंगकडे बोट केलं आणि लगेच ऑफिसकडे पाहिलं. बाइकवरची पोरं उतरली. घाई कुणालाच नव्हती. एकाने जाऊन करुणाबाईंच्या मागे गेट लोटलं.

हातातला ओला टॉवेल तिथेच टाकून रचना दाराकडे धावली. सहदेव आडवा आला. "खाली जायचं नाही. संचिताचा विचार कर जरा."

संचिता स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. "आई," ती म्हणाली, "तू क्लिपमध्ये बोललीस ते खरं होतं ना?"

रचनाला पोरीच्या तोंडाकडे बघवेना. तिने सहदेवचा हात बाजूला केला आणि ती तशीच, अनवाणी, जिना उतरली.

खाली पोरांचं कडं झालं होतं. रचनाला पाहून करुणाबाईंचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "बरं झालं भेटलात, ताई. क्लिप बघितली मी. म्हटलं उरलेली पुस्तकं घेऊन जावीत, तुमच्या घराला ताप नको." आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली ओढली असती तर रचनाला सोसलं असतं.

हितेश मोबाइल वर धरून पुढे आला. "हां बाई, इकडे बघा. अजून कोणाकोणाला वाटली, सांगा."

रचना मध्ये शिरली आणि मोबाइलसमोर उभी राहिली. "माझं घे, हितेश. ह्यांनी मला सांगितलेलं. ख्रिस्ती पुस्तकं आहेत, घरी विचारून घ्या, असं सांगितलेलं. मीच चालतील म्हटलं. मी खोटं बोलले, दोनदा बोलले."

हितेशने तिच्याकडे नीट पाहिलं. मग मोबाइल खाली केला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

"काढ ना शूटिंग!" रचना ओरडली. "आता का थांबलास?"

"कशाला, वहिनी? आम्हाला माहितीये ते. बाईने पहिल्याच दिवशी सांगितलेलं पोरांना."

वर योगिनीची खिडकी बंद झाली. तिच्या बाजूची झाली, मग समोरच्या बिल्डिंगमधली. वॉचमन आपली खुर्ची उचलून आत गेला. रचनाने करुणाबाईंचा हात घट्ट धरला आणि वर स्वतःच्या गॅलरीकडे पाहिलं. सहदेव तिथे आला, संचिताला त्याने खांद्याला धरून आत नेलं आणि दार ओढून घेतलं.